इंद्राचे माघारी येणे

1892 सालच्या ऑक्टोबरात एकोणतीस वर्षांचा एक बंगाली संन्यासी कोल्हापुराहून बेळगावास आला. प्रथम भाटे नावाच्या एका महाराष्ट्रीय वकिलांच्या घरी आणि पुढे वनखात्यातील अंमलदार हरिपद मित्र यांच्या घरी त्याचा मुक्काम झाला. जेवणानंतर त्याने पानसुपारी मागितली, पुढे तंबाखूही मागितली; संन्याशाविषयीच्या रूढ कल्पना मनात बाळगणाऱ्या यजमानांना त्याचे आश्चर्य वाटले, तरी मागणाऱ्याला त्यात तिळमात्र संकोच वाटला नाही. परंतु आपले छायाचित्र काढू द्यावे अशी गळ हरिपद मित्र यांनी घातली, तेव्हा हाच निःसंकोच मनुष्य सहजासहजी कबूल होईना. पुष्कळ मिनतवारीनंतर तो राजी झाला, आणि म्हणूनच स्वामी विवेकानंदांची बेळगावातील मुद्रा आज चरित्रग्रंथांतून आपल्याला पाहावयास मिळते.

ज्याच्या लेखी देह म्हणजे ‘मी’ नव्हे, त्याला देहाच्या चित्राचे वावडे का असावे, आणि त्याच्याच गुरूंनी, रामकृष्ण परमहंसांनी, आपल्या समाधिस्थ बैठकीचे छायाचित्र समोर आल्यावर त्याला स्वहस्ते फुले का वाहावीत, या दोन वर्तनांची संगती लावण्याचा प्रयत्न मी पुष्कळ काळ करीत आलो आहे. गुरूंना त्या कागदावर गदाधर चट्टोपाध्याय या आपल्या मूळ नावाचा गृहस्थ दिसत नव्हता, एक योगावस्था दिसत होती, आणि तिला त्यांनी वंदन केले. शिष्याला मात्र, मला वाटते, हे पुरते ठाऊक होते की पाहणारे त्या कागदावर एक तेजस्वी, देखणा चेहरा पाहतील, आणि कदाचित एखाद्या दुबळ्या क्षणी आपणही तेवढेच पाहू. दोघांच्या वागण्याच्या मुळाशी विवेक एकच होता. एकाने तो पूजेतून प्रकट केला, दुसऱ्याने नकारातून.

त्या काळी छायाचित्र ही बहुधा दुसऱ्याने काढावयाची गोष्ट होती. भिंगाआड एक मनुष्य, भिंगापुढे दुसरा. हे दोघे जेव्हा एकच होतात, तेव्हा प्रश्न अधिक बिकट होतो, आणि तो आता कोणा संन्याशापुरता राहिलेला नाही. बेळगावनजीकच्या आमच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर कोणत्याही रविवारी संध्याकाळी जाऊन पाहावे. सिद्धेश्वराचे देऊळ, जुने तट-बुरूज, 2023 साली अनावरण झालेला शिवछत्रपतींचा भव्य पुतळा, खाली पसरलेली भाताची शिवारे आणि पलीकडे बेळगाव शहर, एवढे सारे वैभव समोर असताना मुलेमुली त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात, हात लांब करतात आणि मोबाईलच्या काचेत स्वतःला न्याहाळतात. गावातले वडीलधारे यावर चिडतात; देवाकडे पाठ आणि आपल्याच तोंडाकडे तोंड, ही कसली पिढी, असा त्यांचा सूर असतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु हा आक्षेप मला अर्धवट विचाराचा वाटतो. तो तसा का वाटतो हे सांगण्यासाठी छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायाकडे वळले पाहिजे.

जो आत्मा पापरहित, जरारहित, मृत्युरहित व शोकरहित आहे, ज्याला भूक नाही आणि तहान नाही, त्याचा शोध घ्यावा, कारण त्याला जाणणाऱ्याला सर्व लोक आणि सर्व कामना प्राप्त होतात, असे प्रजापतीने एकदा म्हटले. ही वार्ता देवांच्या कानी गेली, तशी असुरांच्याही. देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन, परस्परांना काही न सांगता, हाती समिधा घेऊन गुरुगृही दाखल झाले आणि बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहिले. डोळ्यात जो पुरुष दिसतो तोच आत्मा, असे प्रजापतीने सांगितले, तेव्हा दोघांनी विचारले की मग पाण्यात दिसतो आणि आरशात दिसतो तो कोण? प्रजापतीने त्यांना पाण्याने भरलेल्या परळात डोकावून पाहावयास लावले. केसांपासून नखांपर्यंत हुबेहूब आपलीच प्रतिकृती त्यांना दिसली. आता स्वच्छ होऊन, उत्तम वस्त्रे नेसून, अलंकार घालून पुन्हा पाहा, असे गुरूने फर्मावले. त्यांनी तसे केले आणि पाण्यात दोन नटलेले पुरुष दिसले. हाच आत्मा, हेच अमृत, हेच अभय, एवढे शब्द ऐकून दोघेही प्रसन्न चित्ताने निघून गेले, आणि त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे पाहत प्रजापती उद्गारला की हे आत्म्याला न जाणताच चालले आहेत.

विरोचन थेट असुरांमध्ये जाऊन पोहोचला आणि देहच पूज्य, देहच सेव्य, ही शिकवण त्याने सुरू केली. असुर प्रेताला वस्त्रालंकारांनी सजवितात व त्यायोगे परलोक जिंकू असे मानतात, असे उपनिषद या ठिकाणी नमूद करते. इंद्र मात्र देवांपर्यंत पोहोचलाच नाही. देह नटला म्हणून पाण्यातला नटला, तर देह आंधळा झाला की तोही आंधळा होणार, देह पांगळा झाला की तोही पांगळा, आणि देह नाश पावताच त्याचाही नाश ठरलेला, मग यात हित कोणते, ही शंका त्याला वाटेतच ग्रासू लागली. तो समिधा घेऊन माघारी आला. पुन्हा बत्तीस वर्षे राहून स्वप्नातील आत्म्याचे उत्तर घेऊन निघाला आणि पुन्हा वाटेतून वळला. आणखी बत्तीस वर्षांनी गाढ निद्रेतील आत्म्याचे उत्तर घेऊन निघाला, तेही त्याला पुरले नाही. शेवटी पाच वर्षे अधिक राहून, एकंदर 101 वर्षांच्या वासानंतर, त्याला अशरीरी आत्म्याचा उपदेश मिळाला.

या कथेतील एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. नटूनथटून स्वतःकडे पाहा, ही आज्ञा खुद्द प्रजापतीची आहे. ती विरोचनाची विकृती नव्हे, असुरांची खोड नव्हे. इंद्रही नटला, इंद्रही डोकावला, इंद्रही आपल्या प्रतिबिंबावर संतुष्ट होऊन निघाला होता. दोघांच्या दृष्टीत त्या क्षणी रतीभरही अंतर नव्हते. अंतर पडले ते पुढच्या वाटेवर. म्हणून गडावर मोबाईल उंच धरून उभ्या असलेल्या मुलाला मी अहंकारी म्हणावयास धजत नाही. तो परळापाशी उभा आहे, आणि तो विरोचन ठरणार की इंद्र, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. जमखंडीत जन्मलेले, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह लाभलेले, अलाहाबादला तत्त्वज्ञानाचे अध्यापन करून अखेरचा काळ निंबाळच्या आश्रमात नामस्मरणात घालविणारे गुरुदेव रा. द. रानडे (1886–1957) यांनी आपल्या 1926 सालच्या उपनिषदांवरील ग्रंथात या संवादाला मानाचे स्थान दिले आहे. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांची तत्त्वज्ञान व धर्म यांच्या तौलनिक अभ्यासाची संस्था आहे, राजहंसगडाहून ती काही फार लांब नाही. परंतु गडावरून उतरणारा तरुण तेथे क्वचितच जातो, आणि तेथे बसणारा अभ्यासक गडावरच्या तरुणाकडे त्याहूनही क्वचित पाहतो.

छायाचित्रणाच्या कलेत हे परळ अगदी आरंभापासून आहे. फ्रेंच संशोधक डागेर याची पद्धती पॅरिसमध्ये ऑगस्ट 1839 मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने भिंगावरचे झाकण काढून, धावत जाऊन, स्वतःच भिंगापुढे निश्चल राहून आपली प्रतिमा घेतली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये हिप्पोलित बायार याने जे केले ते मला अधिक विचारप्रवर्तक वाटते. त्यानेही स्वतंत्रपणे छायाचित्रणाची एक पद्धती शोधून काढली होती, परंतु मानमरातब सारा डागेरच्या पदरी पडला. तेव्हा बायारने स्वतःचे चित्र काढले ते बुडून मेलेल्या माणसाचे, डोळे मिटलेले, अंग उघडे, भिंतीशी कलंडलेले, आणि उपेक्षेपायी या गृहस्थाने जीव दिला अशा अर्थाचा मजकूर त्याच्या पाठीवर लिहिला. अहंकार दुखावला की स्वतःच्या प्रेतालाही तो सजवून लोकांपुढे मांडतो, विरोचनाच्या शिकवणीचा याहून नेमका दाखला इतिहासात क्वचितच मिळेल. तरीही त्या चित्रापुढे मी अधिक वेळ थांबतो, कारण स्वतःला मेलेले पाहण्याचे धाडस बायारने केले, आणि देह नाश पावताच याचे काय होणार, या इंद्राच्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत तो नकळत येऊन ठेपला. उंबरठा मात्र त्याने ओलांडला नाही.

आमच्याकडच्या घराघरांत भिंतीवर लावलेल्या तसबिरी पाहिल्या की मला दुसरीच गोष्ट आठवते. आमच्या आजीचे म्हणून जे एकमेव छायाचित्र घरात आहे, ते एका लग्नातल्या समुदायचित्रातून कापून, मोठे करून घेतलेले आहे. खांद्यावर कोणा दुसऱ्या बाईचा हात तसाच राहिला आहे आणि मोठे करताना चेहऱ्याची रेषा विरळ झाली आहे. काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकवाचा टिळा सणावारी लावला जातो, तो वाळून त्याचा एक तांबूस थर बसला आहे. त्या बाईने आपल्या आयुष्यात स्वतःचे चित्र स्वतः कधी काढले नाही, तसे काढता येते हेही तिला माहीत नव्हते. ती निरहंकारी होती असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु मला ते पटत नाही. ज्याला परळच कोणी दिले नाही, त्याने पाण्यात डोकावण्याचा मोह जिंकला असे म्हणणे अन्यायाचे आहे. शिकागोत मुलांना सांभाळून पोट भरणाऱ्या व्हिव्हियन मायर (1926–2009) या बाईने आरशांत, दुकानांच्या काचांत, फुटपाथवर पडलेल्या आपल्या सावलीत स्वतःला वर्षानुवर्षे टिपले आणि ते जवळपास कोणालाच दाखविले नाही. 2007 साली लिलावात निघालेल्या पेट्यांमुळे जगाला ती कळली. तिची सावलीची चित्रे पाहताना मला वाटते की आमच्या आजीच्या पिढीला असे एखादे भिंग मिळते तर त्यांनी त्यात काय पाहिले असते, हा प्रश्न आम्ही विचारावयासच हवा होता.

गावाचेही असेच आहे. कर्नाटकात असलेल्या येळ्ळूरच्या वेशीवर महाराष्ट्राचे नाव घेणारा फलक वर्षानुवर्षे उभा होता, तो 2014 च्या जुलै महिन्यात हटविण्यात आला आणि त्यापायी गावाला पोलिसांचा मारही सोसावा लागला. आपण कोण, याचे उत्तर ज्यांच्या वतीने सदैव दुसऱ्या कोणत्या तरी दप्तरात लिहिले जाते, त्यांना ‘मी’पणा सोडा असा उपदेश करणे सोपे असते. इंद्राला प्रजापतीने आधी अलंकार घालावयास सांगितले, मग ते कसे गळून पडतात हे शिकविले. क्रम उलटा केला असता तर उपदेशाची सुरुवातच झाली नसती.

स्वतःचे चित्र स्वतः काढताना प्रत्यक्ष काय घडते, ते मी गडाच्या तटावर अनुभवले आहे. कॅमेरा एका दगडावर टेकवून, दहा सेकंदांची मुदत लावून कळ दाबली की त्याच्या तोंडाशी एक तांबडा दिवा उघडझाप करू लागतो. आतापर्यंत मी भिंगाआडून पाहत होतो: तट, त्याच्या फटीतून उगवलेले गवत, मधली रिकामी जागा. आता त्या रिकाम्या जागेत मलाच जाऊन उभे राहावयाचे असते. चालता चालता चेहरा बदलू लागतो. पाहुणे आले असता जो चेहरा आपण घेतो तो आपोआप वर येतो, हनुवटी किंचित उचलली जाते, पोट आत घेतले जाते, आणि भिंगाआड आता कोणीही नाही हे पक्के ठाऊक असूनही कोणीतरी आपल्याला पाहत आहे ही जाणीव सुटत नाही. तो पाहणारा कोण? तो मीच होतो, मी तिथून उठून इकडे आलो. मग तिथे कोण उरले? चित्र हाती येते तेव्हा त्यात सर्व काही असते, तट असतो, गवत असते, वयाने सैल पडलेली कातडी असते, आणि ज्याने ही सारी मांडणी पाहिली होती तो तेवढा नसतो.

शिवाय जो चेहरा उमटतो तोही ओळखीचा वाटत नाही, याला कारण आहे. आरशात आपण जन्मभर स्वतःला डावे-उजवे उलटून पाहत आलेलो असतो. आपल्याला ठाऊक असलेला आपला चेहरा जगात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतो. 1977 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या एका प्रयोगात असे आढळले की माणसांना स्वतःच्या चित्राची आरशासारखी उलटी प्रत अधिक पसंत पडते, आणि त्यांच्या मित्रांना सुलटी. हात लांबवून काढलेल्या चित्रात भिंग चेहऱ्याच्या फार जवळ असल्याने नाक फुगलेले आणि कान मागे सरकलेले दिसतात, ते वेगळेच. मग खरा चेहरा कोणता: मला प्रिय असलेला उलटा, मित्रांना प्रिय असलेला सुलटा, की भिंगाने बदलून दिलेला तिसरा? जो एवढ्या सहज बदलतो, डोळ्यापासूनच्या अंतराने, उजेडाच्या दिशेने, काचेच्या जातीने बदलतो, त्याला ‘मी’ म्हणून दस्तऐवजावर डकविण्याची आपली घाई विस्मयकारक आहे.

वेदान्तातील दृग्दृश्यविवेकाची मांडणी येथे थेट लागू पडते. रूप हे दृश्य आणि डोळा हा द्रष्टा. परंतु डोळ्याचे मांद्य वा तीक्ष्णता मनाला कळते, म्हणून मनाच्या दृष्टीने डोळाही दृश्यच. आणि मनाच्या वृत्तींना पाहणारा जो साक्षी, तो मात्र कधीही दृश्य होत नाही. पतंजलींनी पाच क्लेशांमध्ये अविद्येनंतर जो दुसरा क्लेश सांगितला, तो पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांना एकच मानण्याचा. आम्हा शेतकऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर हा वहिवाट आणि मालकी यांचा घोळ आहे: जमीन पिढ्यानुपिढ्या कसणारे कूळ वहिवाटदाराच्या रकान्यात असे, मालकाच्या रकान्यात नाव दुसरेच असे, आणि अहंकार म्हणजे ज्याच्यापाशी केवळ वहिवाट आहे त्याने मालकीचा उतारा स्वतःच्या नावे लिहून घेणे. छायाचित्र हा वहिवाटीचा पुरावा आहे आणि त्या मर्यादेत तो अस्सल आहे. या दिवशी, या उजेडात, हा देह येथे होता, एवढी साक्ष ते देते. मालकाविषयी ते मौन पाळते. हे मौन ज्याला एकदा ऐकू आले, त्याच्या हाती कॅमेरा हे विवेकाचे साधन होते. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (1870–1954), संस्कृताचे आणि तत्त्वज्ञानाचे व्यासंगी, कित्येक दशके स्वतःची छायाचित्रे काढीत राहिले. ती सलग पाहिली तर त्यात आत्मप्रौढी फारशी दिसत नाही, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणारा एक उदास, चिकाटीचा मनुष्य दिसतो.

मराठीत हा विषय सातशे वर्षांपूर्वीच पुरता मांडून झालेला आहे. चांगदेवांनी धाडलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, त्यात आरशाचा दृष्टान्त मध्यवर्ती आहे. आरसा समोर आल्याने मुख निर्माण होत नाही आणि आरसा दूर केल्याने ते नाहीसे होत नाही; आरशाच्या निमित्ताने मुखालाच मुख दिसते, आणि निमित्त सरले की पाहणारा, पाहिलेले व पाहणे ही त्रिपुटी मावळते. ज्या ज्ञानेश्वरांनी हे लिहिले त्यांचे अस्सल चित्र आपल्यापाशी नाही. आपण पूजतो ती मुद्रा नंतरच्या चित्रकारांची कल्पना आहे. संतांनी स्वतःची खूण मागे ठेवली ती अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेच्या रूपाने, आणि तीही किती जपून! एकनाथांनी आपल्या नावाला जनार्दनस्वामींच्या नावाचा आधार दिला, जनाबाईने स्वतःचा उल्लेख नामदेवांच्या आश्रयाने केला. ‘मी’ पुसून टाकण्याचा हा आटापिटा मला वाटत नाही. पुसावयाचे असते तर नाव घातलेच नसते. आपण येथे होतो हे सांगावयाचे आणि आपण एकटे नव्हतो हेही त्याच दमात सांगावयाचे, अशी ती स्वप्रतिमा आहे. सर्वांना दिसावे म्हणून क्षणोक्षणी चित्रे धाडणाऱ्या आपल्या काळाला ही रीत उचलता येण्याजोगी आहे.

म्हणून तरुण वाचकांना माझी एक विनंती आहे. आमच्या गावच्या चांगळेश्वरी देवीच्या येत्या यात्रेत, नवे कपडे घालून, मनसोक्त नटून, आपले एक छायाचित्र आपणच काढा. त्यात लाज मानू नका. परंतु ते कोणालाही पाठवू नका, सजवू नका, खोडूही नका. पुढच्या यात्रेपर्यंत ते तसेच ठेवा, मग एकांतात उघडा, आणि ज्याने ते काढले त्याला त्यात शोधा. तो सापडला नाही तर निराश होऊ नका, पुन्हा काढा आणि पुन्हा विचारा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनी मुलांवर डाफरण्यापूर्वी एकदा हा प्रयोग स्वतःवर करून पाहावा.